आळ्याच्या मामांचं रेकॉर्डिंग

आमच्या आळ्याच्या मामांना घसा देताना देवाने सबंध पंचक्रोशीचा विचार केला असावा. आसपासच्या कुठल्याही लग्नात नवरदेवाला उशीर झाला तर एक वेळ चालायचं, पण मामा येऊन माईक हातात घेईपर्यंत मांडवात कुणाचा जीव थाऱ्यावर नसायचा. बोरीचे पाहुणे कोण, पारगावचे कोण, हे ते दारातच हेरत आणि नावानिशी स्वागत करत. एकदा भलत्याच लग्नाची मंडळी चुकून मांडवात शिरली. मामांनी त्यांचं इतकं भरघोस स्वागत केलं, की बिचारी लाजेखातर आहेर करून, पंगतीत जेवून गेली. घरीसुद्धा मामा पाणी मागताना आधी "हॅलो" म्हणतात. "अवो, मी हितंच हाय!" असं मामी आतून ओरडतात, तरी त्यात फरक पडलेला नाही.

मुलगी लग्न होऊन जर्मनीला गेली आणि दर रविवारी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. मामांनी त्यासाठी टेबलावर ठेवायचा माईक आणला. त्याच्यावर दोन टिचक्या, एक फुंकर आणि मग, "जर्मनीस्थित आमचे जावईबापू यांचं समस्त आळेकरांच्या वतीनं सहर्ष स्वागत!" जावई तिकडे स्वतःच्याच घरात हात जोडून उभा राही.

मग एकदा लेकीने कळवलं, की नात 'आबा' म्हणायला लागली आहे, रविवारी ऐकवते. मामांना तो शब्द कायमचा जवळ ठेवायचा होता. त्यांनी आळेफाट्याला जाऊन पडद्यावरचं सगळं रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये घालून आणला. "आधी 'आजी' म्हणली म्हंजी?" असं मामींनी विचारून पाहिलं, पण त्याची दखल घेतली गेली नाही.

त्या रविवारी मी तिथेच होतो. प्रोग्रॅमने विचारलं, आवाज कुठला घेऊ, माईकचा की कॉम्प्युटरचा? मामांनी 'माईक'पुढे बरोबरची खूण केली आणि 'कॉम्प्युटर'पुढची काढून टाकली. "कॉम्प्युटरला कुठं तोंड असतंय? आमी काय आज माईक धरतोय व्हय?" शिवाय माईकसमोर कर्णा ठेवला की शिट्टी मारतो, हे त्यांना मांडवात पाठ झालेलं. म्हणून लॅपटॉपचा आवाज बाहेर येऊच द्यायचा नाही. इअरफोनचं एक टोक त्यांनी स्वतःच्या कानात घातलं, दुसरं मामींच्या.

कॉल संपला तेव्हा दोघांचे डोळे भरलेले होते. मामांनी शेजारपाजारच्यांना हाका मारल्या, मामींनी पेढे काढले आणि सगळ्यांसमोर रेकॉर्डिंग लागलं. "म्हण बाळा, आऽबा! मोठ्यानं! मागच्या रांगेला ऐकू गेलं पायजे!" असा मामांचा आवाज घरभर घुमला. पडद्यावर पोरगी हसली. तिचे ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आवाज काही आला नाही. मग एकदम रेकॉर्डिंगमधून मामींचा आवाज, "अवो, म्हणली की वो!"

मामांनी लॅपटॉप उचलून कानाला लावला. पोरीचा आवाज कॉम्प्युटरमधून आला होता आणि त्याची खूण काढलेली होती, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

"म्हंजी समदं माझंच भाषण ऐकत बसायचं?"

"गावानं आजवर काय केलं मग?" मामी म्हणाल्या. पण पेढ्यांचा डबा त्यांनी झाकून ठेवला.

पुढच्या रविवारी मामा दोन्ही खुणा करून बसले, तर नात झोपलेली. त्यानंतर तिला ताप आला. मग ती तिथल्या पाळणाघरात जायला लागली आणि 'ओपा' म्हणू लागली. तिकडे आजोबांना तसंच म्हणतात. आता रेकॉर्डिंगमध्ये सगळं स्वच्छ ऐकू येतं. "आवाज लई खणखणीत हाय पोरीचा," असं मामा कौतुकाने सांगतात आणि तिला 'आबा' म्हण, असा आग्रह करत नाहीत. मला मात्र दर वेळी वाईट वाटतं.

ते पहिलं रेकॉर्डिंग त्यांनी पुसलेलं नाही. मी गेलो, की चहाच्या आधी ते लागतं. ती जागा जवळ आली, की मामा हात वर करतात. मामी पातेलं हातात धरून तशाच थांबतात. पोरीचे ओठ उघडतात, मिटतात, उघडतात.

"ऐकलं?" मामा हळूच विचारतात.

"ऐकलं, मामा."