कच्ची बोटं

जगातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करून खाडीत बुडवाव्यात, असं मनापासून वाटणारी बालवाडीची शिक्षिका मी एकच पाहिली, आणि ती माझ्या शेजारच्याच वर्गात होती. बाई घणसोली गावातल्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. नवं मूल आलं की नाव विचारण्याआधी त्याची बोटं दाबून बघायच्या, बाजारात भेंडी बघावी तशी. "कच्ची हायेत," असा निकाल द्यायच्या आणि पोराला भिजवलेल्या वालांच्या पातेल्यासमोर बसवायच्या. बोटांना सालं काढता आली की मगच हातात पेन्सिल, हा त्यांचा कायदा. एकदा एक वडील तणतणत आले, "मॅडम, सोसायटीतली मुलं एबीसीडी लिहितात आणि आमचा वाल सोलतो!" बाई शांतपणे म्हणाल्या, "मग कौतुक करा की! तुमाला तरी येतात का सोलता?" अक्षरंसुद्धा त्या आधी पायांना शिकवायच्या. फरशीवर खडूनं पलंगाएवढा 'क' काढून पोरांना त्यावरून चालवायच्या. एक पोरगी 'क'च्या पोटात फतकल मारून बसली, उठेचना. मी उठवायला गेले तर माझ्यावरच डाफरल्या, "बसू दे गो! अक्षरातच बसलीय ना, बाहेर तर नाय गेली?"

मी हसायचे, तरी बाईंचं खरं आहे हे मला ठाऊक होतं. प्रशिक्षणात मीही तेच शिकले होते. पण पालकांना भरलेल्या वह्या हव्या होत्या, संचालिकेला पालक हवे होते आणि मला नोकरी. मी साडेतीन वर्षांच्या मुलांचे हात धरून गिरवून घ्यायचे. मुलं रडायला लागली, तेव्हा वह्या घरी नेल्या आणि डाव्या हातानं वेडीवाकडी अक्षरं मीच काढली. हे गेल्या रविवारपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

वर्षअखेरीला दोन्ही वर्गांच्या वह्या टेबलावर मांडल्या. माझ्या भरलेल्या, बाईंच्या कोऱ्या. पालकांनी मुलं माझ्याकडे हलवली, बाईंचा वर्गच बंद झाला. जाताना त्यांनी माझी एक वही चाळली, दुसरी चाळली, माझ्याकडे बघितलं आणि पातेलं उचलून निघून गेल्या. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. त्याऐवजी वह्या आवरत राहिले. आता ती सगळी मुलं माझ्यासमोर बसतात, आणि पेन्सिली वाटायला घेतल्या की त्यातली काही हात पाठीमागे लपवतात.

गेल्या रविवारी बाईंच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं. त्या चहा गाळत होत्या.

"सगल्याच पोरांचा 'ळ' एकाच अंगाला कसा पडंल, गो? तवाच कललं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुजी नोकरी गेली असती." कप माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "पन मला सांगून काय उपेग? ज्यांची पोरं हायेत त्यांना सांग."

शनिवारी पालकसभा आहे. काय बोलायचं ते चार वेळा लिहून फाडलं; नोकरी राहील की नाही, ठाऊक नाही. बाईंना विचारलं, याल का? म्हणाल्या, "येईन. मागं बसेन. लय घाबरलीस तर माज्याकडं बघ."