अकरा वाजताचा व्हिडिओ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — का नाही, ते पुढे कळेल.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका पॅकेजिंग कंपनीत मी कामगारांचं सगळं बघतो. फोनचा नियम माझाच. सकाळी नऊला फोन गेटवर जमा, जेवणाच्या सुट्टीत परत. माझ्यासकट सगळ्यांना. मशीनवर रील बघताना एकाचं बोट थोडक्यात वाचलं होतं, म्हणून केला. नियम चांगला होता, हे आजही म्हणतो. पण मी तो कशासाठी वापरला?

दर्शना डिस्पॅचला होती. जवळच्याच तळवली गावची. कंत्राटावर — त्या महिन्यात कायम होणार होती. पेढे कुठल्या दुकानातून आणायचे हेही तिनं ठरवून ठेवलं होतं. रविवारी घरी व्हिडिओ करायची. खाडीतले निवटे मासे कसे साफ करायचे, आजी भाताच्या एकेका खाचराला कोणत्या नावानं ओळखायची — सगळं घरच्या बोलीत, मध्येच आईला चिडवत. हजारो लोक बघायचे.

आणि मी? बावीस वर्षं कंपनीच्या गणपतीत, निरोप समारंभात माइक माझ्या हातात. त्या वर्षी पोरांनी तो तिला दिला. मी टाळ्या वाजवल्या. माझेही व्हिडिओ होते — हो, चोरून करायचो, ऑफिसातले जुने किस्से. अकरा वेळा पाहिलेले. त्यात चार वेळा मीच.

तेही सोसलं असतं कदाचित. पण एका संध्याकाळी घरी आलो, तर बायको ओट्याशी उभी, फोनकडे बघत हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बघा हो, काय बोलते ही पोरगी," म्हणाली. दर्शनाच होती. माझ्या बोलण्यावर ही अशी कधी हसली होती? आठवेना. ही आमच्याच कंपनीत आहे, एवढंही मी सांगितलं नाही.

शेवटी लाजत लाजत दर्शनालाच विचारलं — तू हे कसं जमवतेस? ती हसली नाही मला. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून दाखवलं. व्हिडिओ रविवारीच करून ठेवायचा, दिवस आणि वेळ लावायची, मग तो आपोआप जातो. "मी अकराची लावते, सर. बाया सैपाक उरकून बसलेल्या असतात." माझाही एक तिनंच लावून दिला. पुढच्या मंगळवारचा, अकराचा.

दोनच दिवसांनी मी तिच्या व्हिडिओंच्या वेळा छापून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. सगळ्या अकराच्या. फोन गेटवर आणि व्हिडिओ कामाच्या वेळेत — म्हणजे ही दुसरा फोन आत आणते. असं मी लिहून दिलं. माहीत असताना.

मंगळवारी साडेदहाला साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मीही तिथंच बसलो होतो. तिनं वेळ लावण्याचं समजावून सांगितलं, फोन मागवा, दाखवते म्हणाली. साहेब म्हणाले, फोन कशाला, यांनाच विचारू. ती माझ्याकडे वळली. चेहरा एकदम मोकळा झाला तिचा.

"सर, तुमाला म्हाईत हाय ना? मीच दाखवलेलं तुमाला."

"मला नाही आठवत," मी म्हणालो.

ती भांडली नाही. राजीनाम्यावर कुठे सही करू, एवढंच तिनं साहेबांना विचारलं. सव्वाअकराला ती गेटबाहेर होती.

दुपारी माझा फोन हातात आला. माझा व्हिडिओ गेला होता. अकरा वाजता. तेव्हा माझा फोन गेटवरच्या खोक्यात होता आणि मी साहेबांसमोर बसलो होतो — ती खरं बोलत होती याचा पुरावा, माझ्याच नावावर. खाली एकच लाईक. तिचा.

चिडून दिला असेल? की मला कळावं म्हणून? की नेहमीसारखा, नुसताच?

साहेबांची केबिन गेटपासून शंभर पावलांवर. साहेब आत होते. फोन नेऊन पुढ्यात ठेवायचा, एवढंच होतं. मी तिथंच, उभ्या उभ्या, तो व्हिडिओ पुसून टाकला.

दर्शना अजून व्हिडिओ करते. अकरालाच टाकते. संध्याकाळी बायको ते मोठ्यानं लावते, हसते, मलाही हाक मारते. मी जाऊन शेजारी बसतो.