आतोबांच्या गाडीचा मेंदू

अन्याय झाला तो माझ्या आतोबांवर, म्हणजे आत्याच्या यजमानांवर. झाला तो या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पळस्पे फाट्याजवळच्या एका सर्व्हिस सेंटरात, तिथलं शटर पुरतं वर जायच्याही आधी. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तिथल्या पोरसवदा अ‍ॅडवायझरने आतोबांच्या बंद पडलेल्या गाडीला स्कॅनर लावला, दोनदा मान हलवली आणि म्हणाला, "काका, ही भंगारात द्या आता." भंगार या शब्दाला आतोबांचा आक्षेप होताच. पण मुख्य आरोप वेगळा होता आणि तो मी नंतर काढलेल्या निषेधाच्या पत्रकात जाड अक्षरांत घेतला: हे वाक्य गाडीच्या तोंडावर उच्चारलं गेलं.

स्वतःच्या गाडीशी आतोबांइतका सभ्यपणे वागणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात दुसरा नाही, हे मी कुठल्याही सभेत माईक हातात घेऊन सांगेन. गाडीला ते 'बाय' म्हणतात. रिव्हर्स टाकण्याआधी "जरा मागं सर हां बाय" असं सांगतात आणि मगच गिअरला हात लावतात. करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीत सगळ्या गाड्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असतात. ही एकटी फाटकाकडे तोंड करून, कारण "तिला येनारं-जानारं मानूस दिसलं पायजे." बाजारातून भोपळा आणला तर तो पुढच्या सीटवर बसतो आणि त्याला पट्टा लागतो. पण आतोबांचा खरा कायदा दाराचा. दार लोटायचं, आपटायचं नाही. महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहू पाहणारा एक गृहस्थ एकदा लिफ्ट मागून बसला आणि उतरताना त्याने दार धाडकन लावलं. आतोबांनी त्याला हाक मारून परत बोलावलं, दार पुन्हा उघडायला लावलं आणि मनासारखं लोटलं जाईपर्यंत सोडलं नाही. वर म्हणाले, "मत मागायला आलास का भांडायला?" आत्याचं म्हणणं, "माझ्याशी भांडून घराचं दार आपटून जातात, ते चालतं. कारण घराला इंजिन नाही ना!"

या चारचाकी बाईसाहेबांचं दुखणं चमत्कारिक होतं. सकाळी थंड असताना नीट चालायची. तापली की पळस्पे फाट्यावर, चारी बाजूंनी ट्रक ओरडत असताना, गपकन बंद पडायची आणि थोडा वेळ विसावली की जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. आतोबांनी बॉनेट उघडून सगळीकडे हात लावून पाहिला. बॅटरीशेजारची अ‍ॅल्युमिनियमची चपटी पेटी त्यांना कढत लागली. ताप! आतोबांनी नॅपकिन ओला केला, त्याची घडी घातली आणि पेटीच्या कपाळावर ठेवली. पेटीला कपाळ कुठे असतं ते आतोबांनाच ठाऊक. पुढे रोज पट्ट्या सुरू झाल्या. आणि मग एके सकाळी गाडी उठलीच नाही.

"काका, ईसीएम गेलाय," अ‍ॅडवायझर समजावत होता. "गाडीचा मेंदू असतो हा. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं हाच ठरवतो. आता स्कॅनरला उत्तरच देत नाही."

"उत्तर देत नाय मंजे गेला असा नाय," आतोबा म्हणाले. "अनोळखी मानसाशी कोन बोलतं? आनि मेंदू गेला कसं म्हनतोस? आमच्या घरात काय तो तिलाच व्हता."

मी गप्प बसणारी नाही. 'जुनी गाडी, जुना ग्राहक: दुरुस्ती हा दोघांचाही हक्क!' असं पत्रक काढलं आणि सर्व्हिस सेंटरच्या फाटकावर उभी राहिले. शेजारी आतोबा, हाताची घडी घालून. मी एक पत्रक गाडीच्या काचेवर लावायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "तिथं नको गो पुढारीन. वाचंल ती." शेवटी सेंटरवाले नमले. भंगार हा शब्द मागे घेण्यात आला, नवा ईसीएम मागवण्यात आला. अ‍ॅडवायझरने एकच सूचना दिली: येताना दोन्ही किल्ल्या आणा. नवा मेंदू कोरा असतो. त्या दिवशी ज्या किल्ल्या समोर असतील त्यांनाच तो ओळखणार. जी नसेल ती बाद.

त्यानंतर आठवड्यामागून आठवडा गेला तरी गाडी तिथेच उभी. मी दुसरं पत्रक लिहून तावातावाने सेंटरवर गेले, तर अ‍ॅडवायझरच हात जोडून उभा. "ताई, पार्ट कधीचा आलाय. काकाच तारीख पुढे ढकलतात. एकदा अमावास्या सांगितली. एकदा म्हणाले, गाडीला पित्त झालंय. आणि दर वेळी हळूच विचारतात, दुसरी किल्ली नंतर नाही का ओळखवता येत? मी म्हटलं, येते की. पण तेव्हाही किल्ली आणावी लागेलच ना!"

दुसरी किल्ली कुठे आहे, ते आत्याने सांगितलं. चिरनेरला. आतोबांच्या धाकट्या भावाकडे. गाडी दोघांनी मिळून घेतलेली, म्हणून एकेक किल्ली दोघांकडे. आतोबांच्या मुलीच्या हळदीला धाकटा गाडी काढायला बसला आणि आतोबा भर मांडवात बोलून गेले, "उतर. तू वळवताना भिंत बघत नायस. तुज्या हातात नाय देनार." धाकटा उतरला आणि त्याने दार असं आपटलं की बेंजोवाले वाजवायचे थांबले. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. गाडीने चिरनेरचा रस्ता पाहिलेला नाही. आणि आतोबांचा दाराचा कायदा त्या दिवसापासूनचा.

"किल्ली बाद होऊ दे म्हणतात," आत्या म्हणाली, "आणि जेवत नाहीत. मग मीच चिरनेरला फोन केला. एवढंच सांगितलं, भावजी, तुमची किल्ली बाद होतेय."

धाकटे भाऊ मिनीडोर रिक्षाने आले. हातात किल्ली, लाल दोऱ्यात ओवलेली, पुसून पुसून लख्ख केलेली. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघेही गाडीकडे बघत राहिले. नवा मेंदू बसला होता. आधी आतोबांनी आपली किल्ली फिरवली. अ‍ॅडवायझर म्हणाला, "झाली. आता दुसरी." धाकटे भाऊ स्टिअरिंगमागे बसले. किल्ली लावली, पण फिरवेनात.

"दादूस," ते समोरच्या काचेतून म्हणाले, "वळखंल का ती मना?"

आतोबा टायर निरखत होते. "तिचा मेंदू नवा हाय," ते म्हणाले. "मागचं काय तिच्या ध्यानात नाय."

इंजिन सुरू झालं. धाकटे भाऊ उतरले आणि त्यांनी दार दोन्ही हातांनी इतकं हळू लोटलं की ते लागलंच नाही. आतला दिवा पेटलेलाच राहिला. आम्ही सगळे आतोबांकडे बघायला लागलो.

"आपट रं जरा," आतोबा म्हणाले. "अशी नाय लागत ती."

आता गाडी चिरनेरला जाते-येते. परवा धाकट्या भावांनी ती वळवताना आमच्या सोसायटीच्या भिंतीला आरसा घासला. मी विचारलं तर आतोबा म्हणाले, "वाऱ्यानं झालं." जुना ईसीएम त्यांनी सेंटरवरून मागून आणलाय. त्याच नॅपकिनात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. "टाकून का नाही देत?" म्हटलं, तर म्हणाले, "त्याच्यात लय कायबाय हाय गो. राहू दे तिकडंच."

पत्रक मागणीशिवाय संपत नाही, तेव्हा ही घ्या मागणी, आणि या वेळी ती तुमच्याकडे आहे. तुमच्या घरातही कुठल्यातरी खिळ्यावर दुसऱ्या कुणाची तरी किल्ली लटकते आहे. कुणाची, ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. बाद व्हायच्या आत ती उतरवा आणि स्वतः घेऊन जा. फोन करू नका, कुणाच्या हाती पाठवू नका. जा. दार जोरात लागलं तरी चालेल.