आइसलँड आणि आयर्लंडच्या मधले केशवराव

केशवरावांना अमेरिकेनं विमानतळावरूनच हाकललं, ही बातमी आमच्या हैदराबादच्या नल्लकुंट्यात दूधवाल्याच्या आधी घरोघर पोचली. कुणी म्हणालं, चौकशीला चार तास बसवून ठेवलं होतं. हे चार तास मीच घातले, खोटं कशाला बोलू? खरं एवढंच, की केशवराव त्या दिवशी गल्लीबाहेरसुद्धा पडले नव्हते. त्यांना अडवलं ते जेवणाच्या टेबलावर, मोबाइलनं.

त्यांचा धाकटा भाऊ दिगंबर चाळीस वर्षं न्यू जर्सीत. त्याला अर्धांगाचा झटका आला. लंडनच्या बहीणबाई जयवंताताई नेमक्या तेव्हा माहेरी आलेल्या. त्यांनी चहा निवायच्या आत फोनवर अमेरिकेला जायचा फॉर्म भरला आणि दुसऱ्या दिवशी परवानगी हजर. व्हिसा नको, मुलाखत नको.

"केशव, तूही भर नि चल माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या.

केशवराव निवृत्त झालेले तहसील कचेरीतून. तीस वर्षं रहिवासी दाखल्यांचं टेबल. अर्ध्या गल्लीला एकेका कागदासाठी तीन-तीन हेलपाटे घालायला लावलेला माणूस. मलासुद्धा! असा माणूस नियम वाचल्याशिवाय फॉर्मला हात लावेल? त्यांनी पात्रतेचे नियम छापून आणले आणि लाल पेनानं खुणा करत बसले. मुक्काम नव्वद दिवसांच्या आत? बरोबर. नातेवाइकांची भेट? बरोबर. तिथं नोकरी करणार नाही? "या वयात देतंय कोण?" चिपवाला पासपोर्ट? "हौ, नवाच आहे." कधी अटक झाली नाही? इथं दोनदा खूण. त्यांच्या बायकोनं, सुशीलाकाकूंनी, दिगंबरसाठी मेतकूट भरलं, बॅग बांधली.

मग फॉर्म उघडला. पासपोर्ट कुठल्या देशाचा? यादी खाली सरकवली. आइसलँड. लगेच आयर्लंड. पुन्हा वर, पुन्हा खाली. मध्ये भारत नाहीच.

"जयवंते, तुझा फोन बिघडलाय."

"फोन बरा आहे रे. यादीतल्या देशाचाच पासपोर्ट लागतो. माझा ब्रिटिश आहे. पहिलाच नियम आहे की तो, वाचला नाहीस?"

नव्हता वाचला. कचेरीतला माणूस पहिलं कलम वाचत नाही. तिथं कायद्याचं नाव नि तो कुठं लागू, एवढंच असतं. सवय, दुसरं काय!

"एका आईची लेकरं आपण," केशवराव म्हणाले. "जन्मसुद्धा सुलतानबाजारच्या एकाच दवाखान्यात."

जयवंताताई एकट्याच गेल्या. मेतकूट गेलं, केशवराव राहिले.

त्यांनी रीतसर व्हिसाचा अर्ज केला. मुलाखतीची तारीख कित्येक महिन्यांनंतरची. दिगंबरच्या डॉक्टरांचं पत्र जोडून तातडीची मागितली, ती मिळाली येत्या मंगळवारची. तेव्हापासून रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आरशासमोर उत्तरं पाठ करणं चाललंय. आमच्या खिडकीत सगळं ऐकू येतं, मी काय करणार? काल मात्र आवाज मध्येच थांबला, म्हणून गेलो. फाइल मांडीवर घेऊन नुसते बसले होते. जिभेला हाड नाही ना माझ्या.

म्हटलं, "काका, नाही म्हणाले तर नाही. कशाला परेशान होता? व्हिडिओवर रोज बघताच की भावाला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बघतो ना. उजवा हात चालत नाही त्याचा, दाढी अर्धवट राहते. ती व्हिडिओवरून कशी करायची, तेवढं सांग."