एकट्यानं चढवलेलं शीड

मिरजेहून निघताना पिशवीत भडंगाची पुडी टाकली. पनवेलला जाताना कुंदासाठी नेहमीच नेते. बस सुटल्यावर आठवलं, की कुंदा आता नाही.

कुंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. कृष्णेत घोट्यापर्यंत पाय बुडवायलाही भ्यायची आणि पडली ती खाडीतल्या होडीवाल्याच्या प्रेमात! गणपतीनंतर तापाचं निमित्त होऊन ती गेली. शिडाची होडी दोघं मिळून चालवायची. आता तिच्या नवऱ्याला, म्हणजे भावजींना, एकट्याला शीड चढवता येईना. मुलगी वैशाली पुण्याला असते. तिनं बापाला बजावलं होतं, "एकट्यानं चढवून दाखवा, नाहीतर होडी विकून माझ्याकडे या." मग मलाच फोन केला, "मावशी, तू जरा जाऊन बघ ना."

पळस्प्याच्या फाट्यावर उतरले. ट्रकांच्या धुरात बराच वेळ रिक्षा मिळेना. पनवेलच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात शिरले आणि गल्ल्यावरच्या दाढीवाल्या चाचांना सरळ विचारलं, जड शीड हलकं कसं करतात?

"दोन कप्प्या घ्या, बेटा. एक काठीच्या टोकाला, एक शिडाच्या बांबूला. वजन आधं होईल. लोखंडाची नको, खाऱ्या पान्यात गंजते."

पितळेच्या दोन कप्प्या घेऊन खाडीकाठच्या त्यांच्या गावात पोचले. भावजी ओट्यावरच बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण तुटलेलं. त्यांनी तांदळाची भाकरी आणि जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) वाढला. जवळा खारट झाला होता, तरी मी संपवला.

"मीठ कती, ते तिलाच म्हाईत," तेच म्हणाले.

दुपारी भरतीच्या वेळी खाजणातून (खाडीचं पाणी शिरतं ती जमीन) होडीकडे निघालो. माझी एक चप्पल चिखलानं गिळली ती गिळलीच. पलीकडे नव्या इमारतींची रांग होती आणि डोक्यावरून विमानं जात होती. भावजींनी डोलकाठी आडवी करून कप्प्या बसवल्या, दोर ओवला, काठी पुन्हा उभी केली.

"आता ओढा," मी म्हटलं.

त्यांनी दोर ओढला. शीड अलगद हातभर वर गेलं. "घे!" ते ओरडले आणि हात सोडले. शीड धाडकन खाली आलं.

मला काही उमगेना. भावजी कपाळाला हात लावून खाली बसले. मग त्यांनी सांगितलं. शीड चढवायची त्यांची रीतच तशी होती. पुढच्यानं दोर ओढायचा, "घे" म्हणायचं. मागच्यानं सुटलेला दोर धरून "घेतला" म्हणायचं, की पुढच्यानं हात सोडून वरची पकड घ्यायची. मागे कायम कुंदा.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदाही. ओझं निम्मं झालं होतं, पण हात ऐकेनात. मला राहवेना. मी मागे जाऊन बसले, दोर धरला आणि "घेतला" म्हटलं. शीड सरसर टोकाला गेलं.

भावजींनी मागे वळून पाहिलं. "तुमी उद्या जानार, ताई," असं म्हणत त्यांनी शीड पुन्हा उतरवलं आणि मला काठावर जायला सांगितलं.

या खेपेला त्यांनी ओठ घट्ट मिटले. एक हात वर, मग दुसरा. प्रत्येक ओढीला तोंड उघडू बघायचं आणि ते मिटून घ्यायचे. शीड शेवटपर्यंत चढलं. दोर खुंटीला बांधून ते काठीला टेकले आणि इतके दिवस न रडलेला तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला.

"तिला हाक नाय मारली, तवा चढला," ते म्हणाले. "आज गेली ती, ताई. आज खरी गेली."

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये वैशालीचा फोन आला. "मावशी, जमलं ना बाबांना एकट्याला?"

होडी वाचली होती. यासाठीच तर मी गेले होते. तरी एका माणसाला बायकोशिवाय जगायची सोय करून दिली, याचा आनंद मानता येईना.

"जमलं गं," मी म्हटलं. घाट संपेपर्यंत फोन कानालाच धरून ठेवला. तिनंही फोन ठेवला नाही.