डॉलरची रेघ

बी.कॉम. होऊन मी जळगावच्या एका डाळमिलच्या कचेरीत लागले, तेव्हा डॉलरचा भाव महिनोन्‌महिने एकाच जागी होता. आमची तूर परदेशातून यायची, म्हणून शेठजींनी मला काम दिलं: पेपरातला भाव रोज आलेखाच्या कागदावर मांडायचा. मी ठिपका द्यायचे, कालच्या ठिपक्याला जोडायचे. रेघ आडवीच. यात शिकायचं काय, असं वाटायचं.

मग एका पावसाळ्याच्या अखेरीस ती हलली आणि माझी झोपच उडाली. सकाळी पेपर येईस्तोवर मी दारात उभी असायचे. चहा गार व्हायचा. आई म्हणायची, "नोकरी मिलची आहे की पेपरवाल्याची?"

धुळ्याला माझे मामा राहायचे. बँकेत परकीय चलनाचं काम करून निवृत्त झालेले. रविवारी कागदाची गुंडाळी घेऊन मी एसटीत बसले. पारोळ्याला गाडी थांबली तेवढ्यातही गुंडाळी उलगडून पाहिली.

मामांनी कागद पलंगावर पसरला. "तुले काय दिसस?"

"वर चाललीय."

"बठ्ठा कागद देख. निस्ता शेवटना कोपरा देखू नको."

सगळा कागद बघितल्यासारखी मी मान हलवली, पण डोळे त्या कोपऱ्यावरच होते.

त्याच आठवड्यात शेठजींनी विचारलं, "पुढच्या तुरीच्या पैशांसाठी बँकेशी डॉलरचा भाव आजच ठरवून टाकू का? अजून चढेल?"

चार ठिपके वर गेले होते, तेवढ्यावर मी म्हणाले, "चढेल."

त्यांनी भाव ठरवला. तिसऱ्या दिवशी डॉलर उतरला, पुढचे आठ दिवस उतरतच गेला. शेठजी नेहमीसारखेच हिशेब बघत राहिले. ते मला जास्त लागलं. टेबलाशी बसवेना, जेवणाचा डबा तसाच परत जायचा. शेवटी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"शेठजी, मला ते माहीत नव्हतं. मी अंदाजाने बोलले."

त्यांनी चष्मा काढला. "ते मलाही कळलं होतं. पण विचारलं मी, ठरवलंही मी. पुढच्या वेळी काय झालं तेवढं सांग. काय होणार, ते नको."

काही आठवड्यांनी डॉलर पुन्हा चढला, आधीपेक्षा उंच. तुरीचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ठरलेला भाव स्वस्त पडला. कचेरीत सगळे म्हणू लागले, पोरीला समजतं बरं का. मला त्या कौतुकाने आणखीच अस्वस्थ वाटलं. आपण चुकलो होतो तेव्हा जेवढं ठाऊक होतं, तेवढंच बरोबर ठरलो तेव्हाही होतं.

त्या महिन्यात मी जुने कागद एकाला एक चिकटवले. रोज आधी ती पूर्ण लांबी जमिनीवर अंथरायचे आणि मग आजचा ठिपका द्यायचे. शेठजी उभ्या उभ्या बघायचे आणि 'चढेल का' हे न विचारता आत जायचे.