पॅनलवरच्या कुरडया

आठवीत शाळा सोडलेल्या मला ओमानमधल्या मुकादमाने सोलरचं काम शिकवलं, ते उपकार मी विसरत नाही. इथे वाळवंटात पॅनलच्या रांगा संपता संपत नाहीत आणि एकावर जरी धूळ दिसली तरी बोलणी बसतात. ऊन आमच्या मेडशी गावातही तेवढंच आहे. शेतात सोलर पंप बसला तेव्हा वाटलं, आता वांग्यांची काळजी मिटली.

या उन्हाळ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. "पंप पानीच नाई फेकून राह्यला रे. वांगे सुकून चालले."

मी म्हटलं, "पॅनल दाखव मले."

तिने मोबाईल फिरवला. सगळ्या पॅनलवर लुगडी अंथरून कुरडया वाळत घातलेल्या!

"अवं माय, हे काहून?"

"खाली कोंबड्या खातेत ना! अन् तुयासाठीच त केल्या."

मी ओरडलोच. इथे परक्याच्या पॅनलवर मी धुळीचा कण राहू देत नाही, अन् घरच्या पॅनलवर माझ्याच नावाचं वाळवण. तिने लुगडी ओढली. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज आला.

"आलं पानी," ती म्हणाली. "आता या ओल्या कुरडया कुठं टाकू, ते बी सांग."